ठिय्यावरचा मोची

बोरोस, स्वीडन
रविवार, १२ जानेवारी १९९७

प्रिय ओइवाकाका,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. माझ्या फिनिशला हसा, पण कंटाळू नका. आईने मला इकडे आणलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि बाबांची भाषा माझ्याकडे तेवढ्याच वयाची राहिली. आज मी सेहेचाळीस वर्षांची आहे, एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते, आणि तुम्हाला चार ओळी लिहायला शब्दकोश मांडीवर घेऊन बसले आहे.

बाबांच्या दफनाच्या दिवशी, त्यांचे जुने शिकारसोबती म्हणून, तुम्ही मला त्यांचं शिकारीचं जाकीट दिलंत. परतताना जहाजावर थंडी वाजली म्हणून मी ते अंगात घातलं. घरी आल्यावर आतल्या खिशात एक काडतूस सापडलं. परवाना नसताना ते आपण सीमेपार आणलं, या विचाराने दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी आमच्या रस्त्याच्या टोकाला बंदुका दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे ते नेऊन दिलं. त्यांनी भिंग लावून काडतुसाचं बूड पाहिलं. बुडाच्या मधोमध एक छोटी टोपी असते, बंदुकीतली पिन तिच्यावर आपटली की आतली दारू पेटते, हे मला त्यांनीच समजावलं. त्या टोपीवर एक खळगा होता. उथळ, नखाने दाबल्यासारखा. ते म्हणाले, "बाई, हे काडतूस नळीत होतं. कुणीतरी चाप ओढला. पिन आपटली, पण हलकी आपटली."

काका, बाबा एकटे राहू शकतात का हे ठरवणाऱ्या नगरपालिकेच्या कागदावर असं लिहिलं होतं की कार्प्पिनेन तावेत्ती, वय चौऱ्याहत्तर, शिकारीला रिकामी रायफल घेऊन गेले. समोर जनावर असताना भान हरपल्यासारखे उभे राहिले. आणि त्यांना जंगलात माणसं दिसतात. खाली माझी सही आहे. त्या सहीनंतर बाबांचा परवाना गेला, मग घर सुटलं, आणि वृद्धाश्रमात ज्या खोलीची खिडकी उघडत नाही अशा खोलीत ते नऊ महिने राहिले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मला एकच जाणून घ्यायचं आहे. त्या दिवशी बाबांचं डोकं ठिकाणावर होतं का? रायफल तुमच्याकडे आहे. पिन हलकी का आपटली, हे तुम्ही शोधाल का?

तुमची
रायली


हिएतावारा, फिनलंड
२५ जानेवारी

रायली पोरी,

पत्र पोचलं. तुझं फिनिश आमच्या पाद्र्यापेक्षा बरं आहे. तो दक्षिणेकडचा. आणि ऐकू येत नाही ते खरंच. चाळीस वर्षं लाकूडतोडीचं यंत्र चालवलं, आता ते बंद झालं तरी कानात चालूच आहे.

रायफल माझ्या कपाटात आहे. परवाना गेला तेव्हा तावेत्तीने स्वतः आणून दिली, पुसून, फडक्यात गुंडाळून. मी तिला हात लावलेला नाही.

तो दिवस सांगतो. शनिवार, उणे अकरा. जनावर उठवणारे हाकारे पूर्वेकडून निघाले होते. तावेत्ती तळ्याच्या टोकाशी, त्याच्या नेहमीच्या ठिय्यावर, जनावराची वाट बघत. मी त्याच्या डावीकडे दीडशे पावलांवर. मोठा नर एल्क, घोड्याएवढं शिंगाळ जनावर, त्याच्यासमोर निघाला, चाळीस पावलं असतील. त्याने नेम धरला. मी थांबलो. बार ऐकू आला नाही. मला वाटलं, आता कान पुरतेच गेले. मग त्याने नळी जमिनीकडे वळवली आणि खांबासारखा उभा राहिला. एल्क थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. पळालासुद्धा नाही, चालत गेला.

नंतर शेकोटीपाशी सुलोने विचारलं. सुलो म्हणजे आमच्या शिकारी मंडळाचा म्होरक्या, तोंडाचा फाटका पण मनाचा वाईट नाही. "काय रे तावेत्ती, गोळ्या घरीच राहिल्या काय?" सगळे हसले. तावेत्ती काठीला सॉसेज लावून भाजत होता. वर न बघता म्हणाला, "असेल." झालं. गावात गोष्ट तिथंच ठरली.

आता तुझ्या खळग्याचं. थंडीत पिन हलकी आपटली की पहिला संशय ग्रीसवर घ्यायचा. बोल्ट म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता भाग, त्याच्या पोटात पिन असते, तिच्याभोवती स्प्रिंग. तिथं जाड ग्रीस राहिलं तर थंडीत ते गोठतं आणि पिन मधातून चालल्यासारखी चालते. उघडून बघतो.

घराची काळजी करू नकोस. मी दर आठवड्याला फेरी मारतो. छपरावरचा बर्फ काढला. दाराला झाडू टेकवून ठेवला आहे, म्हणजे येणारा-जाणारा उगाच हाका मारत उभा राहायचा नाही.

ओइवा


बोरोस
४ फेब्रुवारी

प्रिय ओइवाकाका,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. "असेल" हा शब्द मी बाबांच्या आवाजात ऐकू शकते. पण नळीत काडतूस होतं हे त्यांना माहीत होतं. ते त्यांच्याच खिशात होतं. नुसतं काढून दाखवायचं. का दाखवलं नाही?

आणखी एक गोष्ट, जी मी मागच्या पत्रात चलाखीने लिहिली. "कागदावर असं लिहिलं होतं," असं मी म्हटलं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी गावातून कळल्या होत्या. तिसरी, जंगलात माणसं दिसतात ही, मी सांगितली. नगरपालिकेच्या बाईंनी फोन करून विचारलं, तुम्हाला बोलण्यात काही फरक जाणवतो का? मी हो म्हणाले. बाबांनीच मला तसं काहीतरी सांगितलं होतं. मी खोटं बोलले नाही, एवढं मला स्वतःला सांगता येतं. पण ते मला पुरत नाही.

रायली


हिएतावारा
२० फेब्रुवारी

रायली,

ग्रीस नव्हतं. बोल्ट उघडला तर आतून जेवायच्या ताटासारखा स्वच्छ. अर्थात तावेत्तीचा बोल्ट म्हणजे असणारच.

मग काडतुसं. कधी कधी टोपीच कडक असते किंवा ओल लागलेली असते. त्याच्या डब्यातली चौदा उरली होती. त्यातली पाच माझ्या रायफलीत घालून वाळूच्या टेकाडावर मारली. पाचही उडाली, खळगे खोल, सांगितल्यासारखे. मग तावेत्तीची रायफल आणि उरलेली नऊ रात्रभर पडवीत ठेवली, उणे अठरा. सकाळी तिच्यातून पाच मारली. तीन उडाली, दोन नाही. त्या दोन्हींच्या बुडावर तुझ्या काडतुसासारखाच उथळ खळगा. म्हणजे दोष काडतुसात नाही.

मग पिनीचं टोक. झिजून आखूड झालं असेल तर टोपीपर्यंत नीट पोचत नाही. मोजलं, ठीक आहे. मग काडतूस नळीत सैल बसतंय का ते पाहिलं. सैल असेल तर पिनीचा अर्धा धक्का काडतूस पुढे ढकलण्यात जातो. बुडाला कागदाच्या चिकटपट्ट्या लावत लावत बोल्ट बंद करून पाहिला. दुसऱ्या पट्टीलाच घट्ट. तेही ठीक.

उरली स्प्रिंग. थकली असावी. जुनी रायफल आहे.

आता एक तुला सांगायचं राहिलं. तो खांबासारखा उभा राहिला म्हणून जे लिहिलंय ना, ते लिहिणाऱ्याने रायफल हातात धरलेली नाही. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर मिनिटभर नळी खाली करून थांबायचं असतं. काडतूस उशिरा उडू शकतं. घाईने बोल्ट उघडलास तर तोंडावर येतं. समोर आयुष्यातला सगळ्यात मोठा एल्क उभा असताना चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ते मिनिट पाळतो, त्याला भान हरपणं म्हणतात का? मी त्या वेळी हे बोलायला हवं होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर ऐकू आलं नसतं, असं मी स्वतःला सांगतो. तुझ्यासारखंच.

आणि जंगलात माणसं? कोणती माणसं? जी खरोखर होती त्यांनाच तावेत्ती टाळायचा, नसलेली कशाला बघेल?

ओइवा


बोरोस
रविवार, २ मार्च

प्रिय ओइवाकाका,

त्या मिनिटाबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही. कागदावरच्या तीनपैकी दोन गोष्टी आता राहिल्या नाहीत. तिसरी राहिली, आणि ती माझी.

मी विसाव्या वर्षापासून रोजनिशी लिहिते. रविवारी सहा वाजता बाबांचा फोन यायचा. ते काय म्हणाले ते मी त्याच संध्याकाळी त्यांच्याच शब्दांत फिनिशमध्ये लिहून ठेवायचे. भाषा गंजू नये म्हणून. १५ ऑक्टोबर १९९५ ची नोंद काढली. जशी आहे तशी उतरवते.

"बाबा: काल ठिय्यावर मोची. एल्क गेला. मी: कोण मोची, बाबा? तिथे काय करत होता तो? बाबा: काही नाही. इकडे बर्फ पडलाय. तुझ्याकडे?"

खाली मी स्वीडिशमध्ये लिहिलं आहे: "भीती वाटते. जंगलात त्यांना चपला शिवणारा माणूस भेटला."

नगरपालिकेच्या बाईंना सांगताना मी "मोची" म्हणाले नाही. "माणसं दिसतात" म्हणाले. मोची म्हणायची मला लाज वाटली. ते फारच वेडेपणाचं वाटलं असतं, आणि बाबांना मी तेवढ्यापासून वाचवते आहे असं मला वाटलं. आता तुम्हीच सांगा, तिथे कुणी मोची होता का? तुमच्या मंडळात, हाकाऱ्यांत, कुणी?

दुसरं. मी बंदूकवाल्या गृहस्थांना तुमचं पत्र भाषांतर करून वाचून दाखवलं. ते तुमच्या कामावर खूश आहेत. फक्त "थकली असावी" यावर थांबले. म्हणाले, कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगची दोन्ही टोकं घासून सपाट केलेली असतात. तुमच्या मित्राला टोकं बघायला सांगा. मी विचारलं, टोकं वेगळी असली तर? ते म्हणाले, तर ती थकलेली नाही.

तुम्ही टोकं पाहिली आहेत का? नाहीतर स्प्रिंगच मला पाठवाल का? ती एकटी कुणाला इजा करत नाही, असं ते म्हणाले.

रायली


हिएतावारा
१४ एप्रिल

रायली,

सहा आठवडे झाले. टपाल उशिरा आलं नाही, मीच उशीर केला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्प्रिंग सोबत आहे. एक टोक सपाट आहे. दुसऱ्यावर माझ्या पकडीचे दात दिसतील. तीन वेढे कमी आहेत. मी कापले.

आधी तुझ्या मोच्याचं. तुझी आई तुला इथून घेऊन गेली तेव्हा तू कुत्र्याच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजत होतीस. बंदुकीतलं तुला कोण शिकवणार? आमच्याकडे जे काडतूस उडत नाही त्याला मोची म्हणतात. का म्हणतात, मला माहीत नाही, तावेत्तीलाही नव्हतं. माझ्या आज्यापासून म्हणतात. "मोची निघाला" म्हणजे चाप ओढला आणि नुसतंच टक् झालं. इथल्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. आणि त्या बाईंना तू तो एक शब्द जरी सांगितला असतास, तरी त्या हसून म्हणाल्या असत्या, अहो, बंदूक उडाली नाही एवढंच. तो शब्द तू गिळलास.

हे लिहून मी दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं. कठोर वाटतं. पण पुढे माझं वाच.

लाकूडतोडीच्या यंत्राने कान जातात तशी बोटंही जातात. थंडीत पांढरी पडतात, लाकडासारखी. माझी डाव्या हाताची, तावेत्तीची उजव्याची. बोल्टचा दांडा वर उचलताना आतली स्प्रिंग दाबली जाते, त्याला जोर लागतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा दांडा त्याला उचलता येईना. माझ्याकडे आला, कॉफीचे तीन कप प्यायला, मासेमारीवर बोलला, आणि जाताना दारात म्हणाला, "ओइवा, ही जरा मऊ करता येईल का?" मी म्हणालो, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, डॉक्टर कागद लिहितो. हाताचा कागद झाला की ठिय्या गेला.

मी तीन वेढे कापले. माझ्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, दहा वेळा चालवून पाहिली. दहाही वेळा खोल खळगा. स्वयंपाकघरात, रायली. उणे अकरामध्ये मी ती नेऊन पाहिली नाही. पन्नास वर्षं थंडीत शिकार करणाऱ्या माणसाने रायफल चुलीशेजारी तपासली. यापेक्षा मूर्खपणा मी आयुष्यात केला नाही.

म्हणून त्याने ते काडतूस दाखवलं नाही. दाखवलं असतं तर सुलोने तिथंच बोल्ट उघडला असता, कापलेली स्प्रिंग दिसली असती, कुणी कापली, का कापली. माझं नाव आणि त्याचा हात, दोन्ही बाहेर आले असते. "असेल" म्हणून त्याने दोघांना झाकलं. पुढच्या मोसमापर्यंत लोक हसून विसरतील असं त्याला वाटलं. कागद होईल हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नाही. झाला तेव्हा मी त्याच्याकडे गेलो, म्हणालो, मी सांगतो सगळं. तो म्हणाला, "शब्द दिलायस." मी दिला होता. मी तो पाळला. त्या बंद खिडकीच्या खोलीत त्याला भेटायला जायचो तेव्हाही पाळत होतो.

एवढं मात्र तुला कळायला हवं. त्याने खरं फक्त एकाच माणसाला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, फोनवर. मला नंतर म्हणाला, "पोरीला सांगितलं. तिला कळलं नाही." मग म्हणाला, "मलाच नीट सांगता आलं नाही."

ओइवा


बोरोस
रविवार, २७ एप्रिल

प्रिय ओइवाकाका,

स्प्रिंग माझ्या टेबलावर आहे. मी ती दाबून पाहिली. माझ्या अंगठ्याला ती मुळीच मऊ वाटत नाही.

तुम्हाला क्षमा करावी की नाही यावर मी रोजनिशीत अकरा पानं लिहिली आणि मग लक्षात आलं की मी स्वतःबद्दल लिहायचं टाळते आहे. तुम्ही शब्द पाळलात. मी शब्द गिळला. कुणामुळे बाबा त्या खोलीत गेले याचा हिशोब मला करता येत नाही, आणि करता आला तरी त्यात बाबांचं काही भलं नाही. तुमच्यावर मी रागावलेली आहे. हेही लिहायला हवं. पण तुमच्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलायला मला जगात दुसरं कुणी नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही नाही.

नगरपालिकेला मी लिहिलं आहे की कागदावरची तिसरी ओळ मुलीच्या अज्ञानातून आली, आणि हे माझं पत्र त्या कागदाला जोडून ठेवावं. त्यांनी उत्तर दिलं की संबंधित व्यक्ती हयात नसल्यामुळे फाईल बंद झाली आहे. पत्र मात्र आत ठेवलं आहे. सध्या एवढंच.

आता माझी एक विनंती. रोजनिशीत बाबांची सव्वीस वर्षांची वाक्यं आहेत. ती सगळी मला समजली आहेत असं मी धरून चालले होते. आता प्रत्येक वाक्याकडे बघताना भीती वाटते. संशय येणारी मी वेगळी काढली, एकतीस झाली. दर पत्रात थोडी थोडी पाठवेन. तुम्ही मला अर्थ सांगाल?

पहिलं वाक्य सगळ्यात जास्त वेळा आलेलं आहे. जवळजवळ दरवर्षी, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास, फोन ठेवताना बाबा म्हणायचे: "दाराला झाडू नाहीये." मला वाटायचं, घर झाडायचं राहतंय, झाडू मोडला असेल. एकदा, १९८४ च्या नाताळात, मी त्यांना इथून एक चांगला झाडू पाठवला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच म्हणाले.

यात काही वेगळं होतं का?

रायली


हिएतावारा
१९ मे

रायली,

आधी कामाचं. रायफलीत नवी स्प्रिंग बसवली. सकाळी उणे चार होतं. नऊपैकी चार काडतुसं शिल्लक होती. चारही उडाली. खळगे खोल. दांडा उचलायला मला दोन्ही हात लागले, तो भाग वेगळा.

शनिवारी मंडळाची वसंतातली सभा झाली. मी उठून उभा राहिलो. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने बोललो माहीत नाही. बायका आतून कॉफीची भांडी टाकून दारात आल्या, म्हणजे मोठ्यानेच असणार. म्हणालो, तावेत्तीची रायफल भरलेली होती. स्प्रिंग मी कापली होती. मोची निघाला आणि तो माझ्यासाठी गप्प बसला. मला वाटलं, आता सुलो विचारेल, का कापलीस. हाताचं सांगायचं नाही असं मी ठरवून गेलो होतो, पण विचारलं तर काय करायचं ते ठरलं नव्हतं. कुणी विचारलं नाही. टेबलाभोवती चौदा जण होते, त्यातल्या दहा जणांनी आयुष्यभर लाकूड तोडलंय. माझ्या लक्षात आलं की त्यांचे हात टेबलाखाली गेले होते.

सुलोने मंडळाची वही मागवली. १४ ऑक्टोबरला त्यानेच लिहिलं होतं: "तळ्याचा ठिय्या. एल्क सुटला. तावेत्तीची रायफल रिकामी." त्याने "रिकामी" वर रेघ मारली आणि वर लिहिलं, "मोची." मग पेन्सिलने लिहिलंय हे लक्षात आलं, म्हणून पेन शोधून पुन्हा शाईने लिहिलं. जाताना माझ्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

आता तुझं वाक्य. मी ते वाचलं आणि बाहेर जाऊन सरपण फोडत बसलो. सरपणाची गरज नव्हती.

जानेवारीत मी तुला लिहिलं होतं, तुझ्या घराच्या दाराला झाडू टेकवून ठेवलाय. तुला तेव्हाही कळलं नसणार. आमच्याकडे दाराला कुलूप नसतं. घरात कुणी नसलं की दाराला झाडू टेकवतात. झाडू दिसला की येणारा परत जातो. झाडू नसला की आत यायचं, विचारायचंसुद्धा नाही.

तू पाठवलेला झाडू गोठ्याच्या भिंतीवर टांगलेला आहे, स्वीडिश चिठ्ठीसकट. त्याने तो कधी वापरला नाही. मी एकदा मागितला होता, दिला नाही. म्हणाला, हा दाराला लावायचा नाही.

बाकीची तीस वाक्यं पाठव. पण टपालाने अर्थ सांगायला मला बरेच दिवस लागतील, आणि मी एक्याहत्तर वर्षांचा आहे. तुझ्या शाळेला जूनमध्ये सुट्टी लागते, हे मला तावेत्तीकडून ठाऊक आहे. आज सकाळी तुझ्या घरी गेलो आणि दाराचा झाडू काढून आत ठेवला. माझ्या दाराला तर तो कधी नसतोच.

ओइवा